व्हॅनचं काय करायचं, तूच सांग!

मराठी विभागासाठी लेख दे म्हणून संपादक मंडळातली माझी रूममेट गेले तीन आठवडे मागे लागली होती. मी तिला सांगून पाहिलं, की बाई गं, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीचा पेपर म्हणजे माझ्यासाठी दरवर्षीची पानिपतची लढाई असायची. निबंधात मी एकदा 'माझी आजी फार चविष्ट आहे' असं लिहिलं होतं. (आजी स्वयंपाक चविष्ट करते, असं म्हणायचं होतं!) पण ती ऐकेना. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या आणि मुद्द्याकडे लक्ष द्या, एवढी विनंती करून सुरुवात करते.

मुद्दा आहे आमच्या व्हॅनचा.

आमच्याकडे एक मारुती ओम्नी होती. पांढरी, पाच सीटची, बाजूला सरकणाऱ्या दारांची. हिंदी सिनेमात हिरोच्या बहिणीला पळवायला जी गाडी येते, तीच. ही गाडी १९८४ साली बाजारात आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. म्हणजे पस्तीस वर्षं ती बनत होती. आमची मार्च २००६ ची. मी त्याच वर्षी जानेवारीत जन्मले, म्हणजे ती माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान. आजी आम्हा दोघींचं वय एकदमच मोजायची. 'ही वीसची झाली, आता हिचं बघायला हवं' असं ती म्हणाली, की नेमकं कुणाचं बघायचंय ते कळायला मला थोडा वेळ लागायचा.

आम्ही चिपळूणचे. बाबांचं वह्या-पुस्तकांचं आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानाचा माल, आजीचे गुडघे, माझं आणि धाकट्या भावाचं दप्तर, गणपती, लग्नाची वरात, सगळं त्या व्हॅनमधून गेलं. मी हॉस्टेलला आले तेसुद्धा त्याच व्हॅनमधून. कुंभार्ली घाट चढताना ती इतकी तापली होती, की आम्ही दोन वेळा थांबून तिला पाणी पाजलं आणि स्वतः भजी खाल्ली. गेटवर सिक्युरिटीवाल्या मामांनी विचारलं होतं, 'सामान उतरवायचंय की गाडीच इथे ठेवायचीय?'

२०२५ च्या दिवाळीत घरी गेले, तर व्हॅन दारात उभी होती, पण हलत नव्हती. सुरू केली की मागून निळा धूर निघायचा. क्लच सुटत होता. मागचे पाटे बसले होते, त्यामुळे माल भरला की गाडी तोंड वर करून बसायची. शिवाय मार्च २०२६ मध्ये तिला वीस वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे पुन्हा पासिंग. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं आणि नंतर दर पाच वर्षांनी ते वाढवून घ्यावं लागतं. २०२१ च्या मार्चमध्ये आम्ही ते सहाशे रुपयांत वाढवून घेतलं होतं. एप्रिल २०२२ पासून ही फी पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या कारसाठी ती दहा हजार करण्यात आली. सरकार स्पष्टच सांगतंय, की बाबांनो, आता पुरे!

भाऊबीजेच्या दिवशी जेवणं झाल्यावर बाबांनी खिशातून गॅरेजवाल्या काकांच्या हस्ताक्षरातला एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, 'तू मेकॅनिकलची ना? मग व्हॅनचं काय करायचं, तूच सांग.'

आता खरं सांगायचं तर मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षापर्यंत मी ओम्नीचा बॉनेटसुद्धा उघडला नव्हता. (कारण तिचं इंजिन बॉनेटखाली नसतंच, ते पुढच्या सीटखाली असतं. हे मला त्या दिवशी धाकट्यानं सांगितलं!) पण बाबांनी पहिल्यांदा मला घरातल्या मोठ्या माणसासारखं काहीतरी विचारलं होतं. नाही कसं म्हणणार? मी तो कागद घेतला, लॅपटॉप उघडला आणि कामाला लागले.

कागदावर होतं असं : इंजिनचं अर्धं काम, म्हणजे रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट, मजुरी धरून बावीस हजार. क्लच पाच हजार. पाटे आणि शॉकअप सहा हजार. ब्रेकचं काम चार हजार. चार टायर बारा हजार. एकूण एकोणपन्नास हजार. त्यात पासिंगची फी, पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट आणि किरकोळ असे पंधरा हजार धरले, की झाले चौसष्ट हजार. आणि व्हॅनला गिऱ्हाईक किती देत होतं? पस्तीस हजार.

आमच्या वाड्यात प्रत्येकाचं यावर मत होतं. शेजारचे काका म्हणाले, 'पस्तीसच्या गाडीवर चौसष्ट घालणारा माणूस शहाणा म्हणायचा का?' हा नियम तुम्हीही ऐकला असेल. दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेला, की वस्तू काढून टाका. ऐकायला एकदम बरोबर वाटतो. पण मी त्यावर रात्रभर विचार केला आणि माझ्या मते हा नियम चुकीचा आहे.

का? कारण पस्तीस हजार ही व्हॅन बाजारात नेली तर मिळणारी किंमत आहे. बाबा ती बाजारात नेत नाहीत, दुकानात नेतात! प्रश्न असा विचारायला हवा, की दुरुस्त केल्यावर ही गाडी आणखी किती वर्षं चालेल आणि तेवढी वर्षं तेच काम दुसऱ्या कशानं करून घ्यायला किती पडेल. चौसष्ट हजार पाच वर्षांत वाटले, तर वर्षाला बारा हजार आठशे. जुनी गाडी आहे, काही ना काही निघणारच, म्हणून वर्षाला आणखी पंधरा हजार धरले. झाले सत्तावीस हजार आठशे.

आता नवी व्हॅन. रस्त्यावर येईपर्यंत सहा लाख धरा. दीड लाख रोख, साडेचार लाखांचं पाच वर्षांचं कर्ज, व्याज दहा टक्के. हप्ता येतो महिना साधारण नऊ हजार साडेपाचशे आणि पाच वर्षांत नुसतं व्याजच सव्वा लाखाच्या जवळ. पाच वर्षांनी ती गाडी तीन लाखांना जाईल असं मानलं, तरी तीन लाखांची घट अधिक व्याज, म्हणजे वर्षाला सुमारे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी हजार. नव्या गाडीला पेट्रोल कमी लागेल, त्याचे वर्षाला दहा हजार वजा केले. तरीसुद्धा जुनी व्हॅन वर्षाला सेहेचाळीस-सत्तेचाळीस हजारांनी स्वस्त पडत होती.

सत्तेचाळीस हजार. हा आकडा एक्सेलमध्ये उमटला तेव्हा मी जरा गप्प झाले. कारण माझी वर्षाची मेस आणि हॉस्टेलची रूम मिळून जवळपास तेवढेच होतात. म्हणजे बाबांनी हप्त्यावर नवी गाडी घेतली, तर तो हप्ता माझ्या ताटातूनच जाणार होता आणि बाबा ते मला कधीच सांगणार नव्हते. पुढच्या वर्षी धाकट्याची अकरावी. मी मनाशी पक्कं केलं, की व्हॅन दुरुस्तच करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी घरच्यांना रीतसर प्रेझेंटेशन दिलं. शेजारच्या काकांनाही बोलावलं. पस्तीसचा मुद्दा खोडून काढला. आई कौतुकानं बघत होती. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उजळला होता, कारण त्यांनाही तेच हवं होतं.

त्यांना ते का हवं होतं, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. २२ जुलै २०२१. चिपळूणकरांना ही तारीख आठवण करून द्यावी लागत नाही. आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता. पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि बघता बघता दुकानांच्या पाट्यांना लागलं. आमचं दुकान पूर्ण बुडालं. शाळा उघडतील या आशेनं भरून ठेवलेल्या वह्यांचा अक्षरशः लगदा झाला होता. आम्ही तो फावड्यानं काढला. घराखाली उभी असलेली व्हॅन काचांपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर तिच्यात गुडघाभर चिखल. बाबांनी आठ दिवस ती धुतली. सीटा उन्हात घातल्या, इंजिनचं ऑइल तीन वेळा बदललं. नवव्या दिवशी व्हॅन सुरू झाली आणि गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्या पुरातून आमची वाचलेली मोठी वस्तू ही एवढीच. तेव्हापासून व्हॅन म्हणजे आमच्या घरी नुसती गाडी राहिली नव्हती.

तर प्रेझेंटेशन झाल्यावर बाबा आणि मी गॅरेजवर गेलो, काम सुरू करा असं सांगायला. गॅरेजवाले काका म्हणाले, 'इंजिनाला हात लावण्याआधी एकदा खालून बघून घेऊ.' त्यांनी गाडी वर घेतली. मीही खाली वाकले. वरून पांढरी स्वच्छ दिसणारी गाडी खालून तपकिरी होती. काकांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दाराखालच्या पट्टीला टोचला. जोर न लावता. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर त्याला वाळलेली माती लागली होती.

ती माती पुराची होती. चार वर्षांपूर्वीची!

काकांनी मला जे समजावून सांगितलं, ते आमच्या कुठल्याही लेक्चरपेक्षा चांगलं होतं, म्हणून इथे देते. ट्रकला खाली वेगळी चासी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. आपल्या नेहमीच्या कारला तशी चासी नसते. पत्र्याचे डबे वाकवून, जोडून जो सांगाडा होतो, तोच चासी आणि तोच बॉडी. दाराखालची पट्टी, मजल्याखालचे आडवे तुळे, पाटे जिथे अडकवतात ती जागा, सीटबेल्टचा बोल्ट जिथे बसतो ती जागा, हे सगळं एकाच सांगाड्याचे भाग. हे डबे आतून पोकळ असतात. पुराचं पाणी त्यात शिरतं, पाणी गळून जातं, पण गाळ आत बसतो. गाळ ओल धरून ठेवतो. त्यात कोकणातला पाऊस. मग पत्रा आतून सडतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत छान दिसतो. बाबांनी आठ दिवस धुतलेली ती गाडी बाहेरून धुतली होती. आतली माती काढायला त्यांचा हात तिथे पोचणारच नव्हता.

मी विचारलं, 'काका, वेल्डिंग करून नवा पत्रा लावता येत नाही?' ते म्हणाले, 'अगो, वेल्डिंग धरायला बाजूला चांगला पत्रा लागतो. इथे कुठे धरणार? दोन तुकडे लावीन मी, वरून काळं मारीन, पासिंगलाही कदाचित जाईल. पण उद्या कुठे ठोकली तर ही घडी घालून मिटेल. एरवीसुद्धा या गाडीत ड्रायव्हरच्या गुडघ्यापुढे आहे काय? एक पत्रा नि एक लाइट.'

ही गोष्ट खरी आहे. ओम्नीत इंजिन सीटखाली, त्यामुळे पुढे नाक नाही. धडक झाली की ती झेलायला मध्ये काहीच नाही. आपल्याकडे चालू मॉडेलच्या सगळ्या कारना समोरच्या धडकेची चाचणी ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीची झाली. ओम्नी त्याच वर्षी बंद झाली, तो योगायोग नव्हता. नवी कोरी असतानाच जी गाडी या बाबतीत दुबळी, ती सडल्यावर काय असेल?

माझ्या एक्सेलमध्ये क्लच होता, टायर होते, व्याजसुद्धा होतं. सांगाड्याची ओळच नव्हती. कारण काकांच्या कागदावर ती नव्हती आणि मी कागदावर जे आहे तेवढंच मोजलं होतं. आपण सगळे असंच शिकतो ना? प्रश्नात दिलेलं 'गिव्हन' घ्यायचं, फॉर्म्युला लावायचा, उत्तराला चौकोन करायचा. 'गिव्हन' पूर्ण आहे का, हे विचारायला मार्क नसतात. माझं गणित चुकलं नव्हतं. गणिताच्या आधी गाडीखाली वाकून बघायला हवं होतं, ते मी केलं नव्हतं.

घरी येताना बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आठ दिवस धुतली होती गं मी.' मला काय बोलावं सुचेना.

पण गोष्ट इथे संपत नाही. खरी अडचण पुढेच आली.

संध्याकाळी तो पस्तीस हजारांचा गिऱ्हाईक घरी आला. जुन्या गाड्या घेणारा एजंट. बाबांनी त्याला सरळ सांगितलं, की गाडी खालून सडली आहे. तो हसला. म्हणाला, 'ते आमच्यावर सोडा साहेब. खालून पत्रा, वरून रंग, पासिंग आमचं आम्ही बघू. एकाला शाळेची पोरं सोडायला पाहिजेच आहे.' आणि त्यानं पैसे काढून टेबलावर ठेवले.

पाचशेच्या सत्तर नोटा. दुकानाचा सीझन संपलेला. माझी पुढच्या सेमिस्टरची फी भरायची. दुसरीकडे, परवाना असलेल्या स्क्रॅप केंद्रावर गाडी दिली तर वजनावर बावीस हजार मिळतील असं फोनवर कळलं होतं. मधला फरक तेरा हजार. श्रीमंताला हसू येईल, पण आमच्या घरात तेरा हजार ही हसण्याची रक्कम नाही.

शेजारचे काका म्हणाले, 'आपण सांगून विकतोय, लपवत तर नाही. पुढचं त्याचं तो बघेल.' हे बरोबर वाटतं. मलाही क्षणभर वाटलं. पण आपण सांगितलं ते कुणाला? एजंटला. त्याला तर आधीच माहीत होतं. जी मुलं त्या सीटवर बसणार, त्यांना किंवा त्यांच्या आयांना कोण सांगणार? त्या गाडीतून मी आणि धाकटा दहा वर्षं शाळेत गेलो. मधल्या सीटवर सहा जणं, मागच्या डिकीत दोन. त्या जागा माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

मी काही बोलायच्या आधी आजी आतून बाहेर आली. तिला चासी वगैरे काही कळत नाही. तिनं एवढंच विचारलं, 'आपली पोरं त्यात बसवणार का रे तू आता?' बाबा नाही म्हणाले. 'मग झालं तर,' असं म्हणून ती देवघरात निघून गेली. बाबांनी नोटा परत केल्या.

गाडी जानेवारीत स्क्रॅपला गेली. रीतसर गेलं की तिचं रजिस्ट्रेशन रद्द होतं आणि एक प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून पुढे नवी गाडी घेतली तर रोड टॅक्समध्ये सवलत मिळते. खासगी गाडीला किती द्यायची ते राज्य ठरवतं, केंद्राच्या नियमात पंचवीस टक्क्यांपर्यंत मुभा आहे. प्रमाणपत्र बाबांनी माझ्या दहावीच्या मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवलंय.

मग आता नवी गाडी कुठली? तर कुठलीच नाही! हे तिसरं उत्तर माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं, ते आईनं काढलं. ती म्हणाली, 'दुरुस्त करायची की नवी घ्यायची एवढंच विचारताय. गाडी लागते किती, ते मोजा की.' मोजली. घर ते दुकान दोन किलोमीटर, तिथे स्कूटर पुरते. खरा माल आणायचा म्हणजे वर्षाला चाळीसेक खेपा. खेपेला छोटा हत्ती आठशे रुपये घेतो. बत्तीस हजार. दुरुस्त केलेल्या व्हॅनच्या सत्तावीस हजारांत पेट्रोल आणि विमा मिळवा, बत्तीसच्या खूप वर जातं. म्हणजे गाडी नसणं हेच सगळ्यात स्वस्त निघालं. आजीला दवाखान्यात न्यायला रिक्षा आहे. गैरसोय होते का? होते. पावसाळ्यात जास्त होईल. दारातली रिकामी जागा बघून बाबा अजून रोज सकाळी क्षणभर थांबतात, असं आईनं फोनवर सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, की तुमच्या व्हॅनशी आमचा काय संबंध? सांगते.

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एकदा चक्कर मारा. दर वर्षी मे महिन्यात फायनल इयरवाले जुन्या बाइक ज्युनिअरना विकून जातात. चौथ्या, पाचव्या हातातल्या. कुणाचं मागचं ब्रेक लागत नाही, कुणाचा फोर्क वाकलाय. विकणारा 'एकदम मक्खन आहे' म्हणतो आणि ट्रेन पकडतो. घेणारा पहिल्या वर्षाचा पोरगा हेडलाइटचा रंग बघून पैसे देतो. आपण सगळे होऊ घातलेले इंजिनिअर! आपल्यापैकी किती जण गाडी घेण्याआधी खाली वाकून बघतात?

जुन्या वस्तू फेकून द्या, असं मी म्हणत नाहीये. उलट जो काम देतोय तो लॅपटॉप फक्त नवा आला म्हणून बदलणं मला पटत नाही. आमच्या व्हॅनचा सांगाडा धड असता, तर मी आजही चौसष्ट हजार घाला असंच म्हटलं असतं, मग बाजार पस्तीस म्हणो की पंधरा. क्लच बदलता येतो, रिंगा बदलता येतात, इंजिनसुद्धा अख्खं बदलता येतं. ज्याच्यावर हे सगळं बसवायचं तेच गेलं असेल, तर मात्र त्यावर घातलेला प्रत्येक रुपया वाया. आणि आधी किती घातले, किती दिवस धुतली, याचा हिशोब पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. तो खर्च झाला, ते प्रेमही झालं. ते खोटं नव्हतं, पण त्यानं पत्रा जोडला जात नाही.

म्हणून माझं मत एवढंच आहे. दुरुस्त करायचं की नाही हे ठरवताना आधी खाली वाकून बघा, मग पुढच्या वर्षांचं गणित करा, आणि वस्तू खरंच किती लागते तेही मोजा. विकायचंच ठरलं तर आजीचा प्रश्न विचारा. आपलं माणूस त्यात बसवाल का? उत्तर नाही असेल, तर दुसऱ्याचंही बसवू नका.

या वेळी सुट्टीनंतर मी एसटीनं आले. कुंभार्ली घाट लाल डब्यानं एका दमात चढला, कुठेही थांबला नाही. भज्यांची गाडी खिडकीतून मागे गेली तेवढी. बाबा स्टँडवर सोडायला स्कूटरवरून आले होते, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन मी मागे बसले होते. बस सुटताना ते खिडकीखाली आले आणि म्हणाले, 'ते एक्सेल पुसू नकोस हं. एक ओळ वाढव त्यात.'

वाढवली आहे, बाबा. सगळ्यात वर.